तीन गाठींचा लाल दोरा

सोमवारी सकाळी नऊला पाच कमी असताना लॅबवाल्या मावशींनी रसायनांच्या खोलीचं कुलूप काढलं, दिवा लावला, आणि सगळ्यात खालच्या फळीकडे बघून त्या दारातच थबकल्या. फळी रिकामी होती. नुसती रिकामी नाही, ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलेली.

कॉलेजच्या या खोलीत सत्तावीस वर्षं त्यांच्याशिवाय कुणी फडकं मारलं नव्हतं. एकतिसाव्या वर्षी बाटल्या विसळायला म्हणून त्या तात्पुरत्या लागल्या, आणि ते तात्पुरतं काही संपलं नाही. चार प्राध्यापक निवृत्त झाले, दोनदा छत बदललं, मावशी तिथेच. बोटांवर काळपट डाग, जन्मात न जाणारे. नाक असं तिखट की कोणत्या बाटलीचं बूच ढिलं आहे ते दारातूनच सांगतील. आता तीन महिन्यांनी त्यांनाही नारळ मिळायचा होता.

त्या खोलीची एक खोड होती. ॲसिडच्या वाफेने तिथे कागद टिकत नसे. आज चिकटवलेली चिठ्ठी सहा महिन्यांत पिवळी, वर्षभरात भुगा. पहिल्या दोन वर्षांत मावशींनी शंभरेक चिठ्ठ्या चिकटवल्या, मग वैतागून स्वतःची पद्धत काढली. बरणीच्या गळ्याला दोरा. पांढरा दोरा, एक गाठ: बिनधास्त हात लावा. निळा दोरा, दोन गाठी: हातमोजे घाला. लाल दोरा, तीन गाठी: मला बोलवा. वाफेने दोराही विरतो, पण तो बदलायला दहा सेकंद पुरतात. शिवाय दिवे गेले तरी गाठी बोटांना कळतात.

घरीही तेच. मिठाच्या, साखरेच्या डब्याला दोरे. सून छापील चिठ्ठ्या चिकटवणारी. "आई, हे घर आहे, गोदाम नाही," ती म्हणायची. "तुझ्या चिठ्ठ्या वाचायला मला चष्मा शोधावा लागतो, तोवर भाजी करपते," असं मावशींचं उत्तर ठरलेलं.

विभागप्रमुख सर दरवर्षी म्हणायचे, "बाई, तुमची ती दोऱ्यांची भाषा एकदा कागदावर उतरवा." मावशी म्हणायच्या, "उतरवते की." आणि उतरवली नाही. आळस म्हणावं तर बाई आळशी नव्हत्या. खरी गोष्ट अशी की त्यांना ते आवडायचं. मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसं दारात ताटकळत विचारायची, "मावशी, ही बरणी कसली हो?" त्या एका प्रश्नावर त्यांची अख्ख्या कॉलेजात पत होती. ती भिंतीवर टांगून कोण मोकळं होईल?

शुक्रवारी त्या रजेवर होत्या. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन.

सर वऱ्हांड्यातून येताना दिसले तशा मावशी आडव्याच गेल्या. "खालच्या फळीला कुणी हात लावला?"

"ते आपले शून्यवाले. मीच किल्ली दिली शुक्रवारी. काय छान साफ केलं बघा पोरांनी!"

शून्यवाले हे नाव मावशींनीच पाडलेलं. कॉलेजातली वीसेक मुलं महिनाभर एकाच ध्यासाने झपाटली होती: कॉलेजातून आणि मागच्या वसाहतीतून एक चिमूटही कचरा बाहेर जाता कामा नये. काच वेगळी, धातू वेगळा, सालं खड्ड्यात, कापड शिवणाऱ्यांकडे. आज दुपारी बाराला कचऱ्याची गाडी फाटकाशी येणार आणि रिकामी परत जाणार, असा त्यांचा पण होता. फोटोवालासुद्धा बोलावलेला. शनिवारी वसाहतीत त्यांनी टेबल मांडलं होतं. निवडलेला कचरा आणून द्या, धुतलेली बरणी नाहीतर धुण्याचा सोडा घेऊन जा. मावशींना पोरांचं कौतुक होतं. वरवर कुरकुर करायच्या, पण पंधरा दिवसांपूर्वी याच फळीवरचा सोडा त्यांनी स्वतःच्या हाताने मुलांना दिला होता.

तिथेच घोळ झाला. मुलांच्या डोक्यात बसलं, खालची फळी म्हणजे सोडा.

सोड्याशेजारी त्याच आकाराच्या, लाल दोरा बांधलेल्या बरणीत ऑक्झॅलिक ॲसिड होतं. तेही पांढरं, तेही खड्यांसारखं. बेसिनवरचे गंजाचे डाग काढायला मावशी ते चिमूटभर वापरत. पोटात गेलं तर मूत्रपिंडांची वाट लावतं.

शून्यवाल्यांच्या खोलीत त्यांची पुढारीण पोत्यांना तोंडं बांधत होती. तिसऱ्या वर्षाची उंच मुलगी. दप्तराला आकड्याचा वजनकाटा कायम लटकलेला, म्हणून सगळे तिला वजनकाटाच म्हणत. दिसेल ते ती आकड्याला अडकवायची आणि वहीत टिपायची.

"अगं, खालच्या फळीवरच्या दोन भरलेल्या बरण्या कुठायत?"

"सोड्याच्या ना? एक आपल्या बाटल्या धुवायला ठेवलीय, एक शनिवारी दिली. मावशी, तुमच्या फळीवरून एकेचाळीस रिकाम्या बरण्या निघाल्या, माहितेय?"

"आणि गळ्यातले दोरे?"

"कापले. सुती होते, कंपोस्टला गेले. अठ्ठावीस ग्रॅम."

दोरे कापणारी पोरं काही आंधळी नव्हती. काच काचेत, धातू धातूत, सूत मातीत. ज्याला जे तिथे पाठवायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं. गाठ हीसुद्धा एक वस्तू असते, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"राहिलेली बरणी आण. आत्ता."

मावशींनी खिशातली ड्रॉपरची बाटली काढली. त्या मनात एकच म्हणत होत्या: फसफसू नको, फसफसू नको. राहिलेलं ॲसिड असलं तर दिलेला सोडा, सगळं ठीक. चमचाभर पांढरी पूड बशीत घेतली, वर पातळ ॲसिडचे दोन थेंब सोडले.

बशीत फेस उसळला.

"हा सोडा," मावशी म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. "तू शनिवारी दिलंस ते विष होतं, बाळा."

वजनकाट्याने वही पुढे ओढली. ती रडली नाही, तेवढं बरं. रडणाऱ्या माणसाला सावरायला वेळ कुणाकडे होता?

"कुणाला दिलीस?"

"एक काकू होत्या. पार शेवटी आल्या. पाण्याचा माठ शेवाळलाय म्हणाल्या, आणखी पण बरंच धुवायचंय. उरायला नको म्हणून मी आख्खी बरणीच दिली."

"नाव?"

मुलीने वही उघडली. बोट ओळीवर ठेवलं. "भरलेली बरणी, एक किलो एकशे ऐंशी... नाव नाही. आम्ही नावं नाही लिहीत, मावशी. वजनं लिहितो."

मागे येऊन उभ्या राहिलेल्या सरांनी कपाळाचा घाम पुसला. "आधी प्राचार्यांच्या कानावर घालू. मग रीतसर सूचना काढू."

"काढा सूचना. माणूस गेल्यावर चिकटवा त्याच्या दाराला," मावशी फटकन बोलल्या. सत्तावीस वर्षांत सरांशी असं बोलल्या नव्हत्या. "वसाहतीच्या ग्रुपवर मेसेज टाका आधी. पांढरी पूड वापरू नका म्हणावं."

सरांनी फोन काढला. मिनिटभरात उत्तरं यायला लागली. कोणती पूड? आमची बरणी छान आहे. सुप्रभात. कुणीतरी फुलांचं चित्र पाठवलं. ज्या घरात बरणी होती ते घर गप्प होतं.

"त्या काकूंनी बदल्यात काय आणलं होतं?" मावशींनी विचारलं.

मुलीने ओळीचं दुसरं टोक पाहिलं. "गोळ्यांची रिकामी पाकिटं. सहाशे चाळीस ग्रॅम."

"आहेत अजून?"

"आपल्याकडे काहीच फेकलं जात नाही," मुलगी म्हणाली, आणि दोघी एकदमच पोत्यांवर तुटून पडल्या.

पुडकं धातूच्या पोत्यात सापडलं. सुतळीने बांधलेलं, वर पेन्सिलने वजन. वर्षभराची पाकिटं असावीत. एकेक हाताने सपाट केलेलं, तीन प्रकार वेगवेगळे रचलेले. नीटनेटकं घर, मावशींच्या मनात आलं. नीटनेटकी बाई सोमवार उजाडेपर्यंत माठ तसाच शेवाळलेला ठेवेल का?

वसाहतीच्या तोंडाशी औषधाचं दुकान. मावशींनी पुडकं काउंटरवर आपटलं.

"ही तिन्ही औषधं एकत्र घेणारं गिऱ्हाईक कोण रे?"

औषधवाल्याने चष्मा वर केला. "मावशी, मूत्रपिंडाच्या गोळ्या आहेत या. घेणारं घर माझ्याकडे एकच. पण नावपत्ता असा देता येत नाही हो, नियम आहे."

मूत्रपिंड म्हटल्यावर मावशींनी काउंटरवरचा फोन त्याच्यापुढे सरकवला.

"नको देऊस पत्ता. तू फोन लाव. त्यांच्या घरात चुकून विष गेलंय माझ्याकडचं."

त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्याने घड्याळाकडे पाहिलं, साडेदहाला सात कमी होते. मग नियम गुंडाळून ठेवला.

"निळं फाटक, तिसरा मजला, डावं दार. काकूंना ऐकू कमी येतं, बेल दाबूनच धरा. आणि पळा. साडेदहाची गोळी असते काकांची. पाण्याबरोबर."

वजनकाटा पळाली. मावशीही पळाल्या, अठ्ठावन्न वर्षांच्या गुडघ्यांना जमेल तेवढ्या. पहिल्या जिन्यावर चप्पल निसटली, ती तिथेच सोडली. दुसऱ्या जिन्यावर छातीत कळ आली. आधी ह्यांना वाचवू, मग मला, असं त्यांनी छातीला बजावलं.

वर मुलगी बेल दाबून उभी होती. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. गाल आत गेलेले, एक हात तोंडावर, दुसऱ्या हाताच्या तळव्यात पांढरी गोळी.

"काका, शनिवारी काकूंनी आमच्याकडून बरणी..."

"हळू बोल पोरी, मी बहिरा नाही, ती बहिरी आहे," ते तोंडावरचा हात न काढता म्हणाले. शब्द बोळक्यातून निसटत होते. "बरणी ना? घेऊन जा बाई ती. काल कवळी बुडवली त्यात. झाली मोत्यासारखी, पण घातली तर हिरड्यांची आग आग. तोंड आंबट. कालपासून पेज पितोय, फोनसुद्धा उचलत नाही."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. काकू बाहेर आल्या, हातात पाण्याचा पेला. "अहो, कोण आलंय? घ्या आधी गोळी. माठ किती स्वच्छ निघालाय बघा, नव्यासारखं पाणी."

काकांनी गोळी जिभेवर ठेवली, पेल्याकडे हात केला.

मावशी तेवढ्यात उंबऱ्याशी पोहोचल्या. ओरडायला दम नव्हता. त्यांनी सरळ पुढे होऊन पेल्यावर फटका मारला. पाणी काकांच्या सदऱ्यावर, पेला भिंतीवर.

"शुद्धीवर आहात का?" काकू किंचाळल्या. "कोण बाई तुम्ही? भर सकाळी घरात घुसून..."

"त्या माठातलं आणखी कोण प्यायलंय?" मावशींनी धापा टाकत विचारलं.

"काय?"

"प्यायलंय कोण?" वजनकाटा त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली.

"कुणी नाही. आत्ताच तर भरला. रात्रभर भिजवला होता, या मुलीने सांगितलं तसा. चांगले पाच चमचे टाकले."

मावशी मटकन खाली बसल्या, तिथेच, ओल्या फरशीवर. एक पाय अनवाणी. काकांनी जिभेवरची गोळी काढून परत तळव्यावर घेतली आणि गोंधळून विचारलं, "मग हिचं काय करू आता?"

कुणालाही हसू आलं नाही. हसू फार नंतर आलं.

काकांना दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी तोंड तपासलं. हिरड्या भाजल्या आहेत, पोटात गेलं असलंच तर अगदी थोडं, रक्त तपासू, बुधवारी कळेल, असं म्हणाले. बुधवारी अहवाल आला तो चांगला आला. पण सोमवारी ते कुणाला ठाऊक होतं? दवाखान्यातून निघताना काकूंनी मुलीकडे पाहिलं नाही, मावशींशी बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "विश्वासाने घेतली हो बरणी." शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

माठ घरात ठेवून उपयोग नव्हता. मातीची भांडी पाणी पितात, आणि त्याबरोबर पाण्यातलं बाकी सगळंही. मुलीने तो बाळासारखा कवेत घेऊन कॉलेजपर्यंत आणला. बरणी मावशींच्या पिशवीत.

फाटकाशी बाराला दहा कमी असताना अख्खं कॉलेज जमलेलं. प्राचार्य, फोटोवाला, वीस शून्यवाले, हाताने रंगवलेली मोठी पाटी. कुणीतरी माठ बघून म्हणालं, "अरे वा! कुंडी करू या."

"खबरदार!" मावशी गरजल्या. तो पोरगा दोन पावलं मागे सरला.

सरांनी त्यांना बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, हा माठ काही कॉलेजचा कचरा नाही. कुठेतरी ठेवू दोन दिवस. मुलांचं शून्य जातंय हो एका माठापायी. आणि तुम्ही कशाला अंगावर घेता? दोरे मुलांनी कापले. तीन महिने राहिलेत तुमचे."

सर वाईट माणूस नव्हते. सगळ्यांचंच भलं बघत होते, म्हणूनच ते ऐकायला इतकं सोपं होतं. तीन महिने म्हणजे निरोपाचा समारंभ, शाल, कौतुकाची चार भाषणं. आणि दोरे खरोखरच त्यांनी कापले नव्हते.

त्यांनी वजनकाट्याकडे पाहिलं. ती माठ कवेत धरून तशीच उभी होती, कुणी कुठे ठेव म्हणतंय याची वाट बघत.

"सर, दोरे मुलांनी कापले," मावशी म्हणाल्या, बाजूला घेतलेल्या माणसाला न शोभणाऱ्या आवाजात. सगळ्यांना ऐकू गेलं. "पण तीन गाठींचा अर्थ या कॉलेजात किती जणांना माहीत होता? एकटीला. तुम्ही दरवर्षी लिहा म्हणालात, मी दरवर्षी हो म्हणाले. हा माठ माझा कचरा आहे. गाडीत जाईल."

प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं, सरांनी बुटांकडे. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

मुलीने माठ दोरीच्या झोळीत घालून काट्याला लावला. काटा खाली वाकला, थरथरला, थांबला. "चार किलो तीनशे," ती म्हणाली. महिनाभर तिला आजच्या तारखेसमोर एक गोल शून्य काढायचं होतं. तिने पेन टेकवलं.

"थांब," मावशी म्हणाल्या. "आधी काय आहे ते लिही. मग कुणाच्या घरचं ते. वजन शेवटी."

मुलीने लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं.

मावशींनी पिशवीतून लाल दोऱ्याचं रीळ काढलं. माठाच्या गळ्याला दोन वेढे दिले. पहिली गाठ, दुसरी, तिसरी. तिसरी गाठ दोनदा सुटली.

गाडी आली. कचरा उचलणारा माणूस खाली उतरला, फाटकाशी जमलेली एवढी गर्दी आणि तिच्यामध्ये एक ओला माठ बघून चक्रावला. माठ उचलता उचलता त्याचा अंगठा दोऱ्यावर थांबला.

"मावशी, हा दोरा कसला हो?"

सत्तावीस वर्षं हा प्रश्न ऐकला की त्या थोड्या ताठ व्हायच्या, थोडं थांबायच्या, समोरच्याला जरा ताटकळू द्यायच्या. आज थांबल्या नाहीत.

"लाल, तीन गाठी. आतलं पोटात गेलं तर माणूस मरतो. हात धुऊन घ्या, आणि हा कुणाला वापरू देऊ नका," त्या म्हणाल्या. "निळ्याला दोन असतात, त्याला हातमोजे. पांढऱ्याला एक, त्याची भीती नाही."

"असं होय," तो म्हणाला आणि माठ जपून, तोंड वर करून, गाडीच्या कोपऱ्यात ठेवला.

वजनकाट्याने वहीचं पान उलटलं. "मावशी, निळ्याला किती म्हणालात?"